दारातला माणूस

“हा जाणारा माणूस फार छान आलाय,” दिग्दर्शिका बाई म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्यासुद्धा. चित्र त्याचं होतं. त्याने जाणारा माणूस काढलाच नव्हता, येणारा काढला होता. पण तोंड उघडायची सोय नव्हती. सकाळच्या चित्रांचा नियमच असा होता, की ज्याचं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लागेल त्याने मुकाट बसायचं आणि बाकीच्यांनी काय दिसतं ते बोलायचं. प्रेक्षकाच्या शेजारी बसून तुम्ही थोडेच समजावणार आहात, असं बाईंचं म्हणणं, आणि ते त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता नुसती भुवई उचलली तरी काम भागायचं. रंगांचं बघणारी मुलगी म्हणाली, हो ना, आणि तो काही परत येत नाही. तिच्या शेजारचा दाढीवाला म्हणाला, घरात कोणाला सांगितलेलंही दिसत नाही त्याने. मागून कोणीतरी म्हणालं, पाणक्याने सवयीप्रमाणे फरशीवर पाणी सोडलंच. त्यावर सगळे हसले, आणि पाणक्या म्हणजे तोच असल्यामुळे तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आपण उजवा हात मांडीखाली दाबून धरलाय. का धरलाय ते त्याला कळलं नाही, पण तो काढावासाही वाटला नाही.

स्टुडिओ कार्टूनपट बनवायचा आणि दिवसाची सुरुवात एका ओळीने व्हायची. बाई कथेतली एखादी ओळ फळ्यावर लिहीत, टायमर लावत, आणि अर्ध्या तासात प्रत्येकाने आपल्या स्क्रीनवर त्या ओळीचं चित्र उरकायचं. उरकायचं हाच शब्द बरोबर. सगळ्यात जाड ब्रश घ्यायचा, कॅनव्हास मोठा करून बारकाव्यात शिरायचं नाही, केलेलं मागे घ्यायचं नाही. आधी नुसते काळे, करडे, पांढरे डाग. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढंच. ते जमलं की वरून रंगाचा एक पातळ थर, आणि शेवटी दोन-चार झगझगीत फटकारे. चेहरा काढायचा नाही, कारण चेहरा आला की बघणारा चेहऱ्यात अडकतो आणि खोलीतली हवा विसरतो. झालेलं चित्र काडेपेटीएवढं लहान करून बघायचं, आणि तेवढ्याशातही मनाला काही झालं तरच ते ठेवायचं. या सगळ्या घाईमागे बाईंचं एक मत होतं. सावकाश काढलं की माणूस विचार करतो आणि विचार केला की लबाडी करतो; हात डोक्याच्या पुढे पळाला पाहिजे. त्याला हे पटायचं. नुसतं पटायचं नाही, त्याचं पोटच त्यावर होतं. हात मोकळा सोडला की तो न ठरवलेलं काहीतरी घेऊन येई, मांजर कुठून कुठून काय उचलून आणतं तसं, आणि ते आणलेलं बहुतेक वेळा बाईंना आवडे. आजची ओळ होती, ‘संध्याकाळी बाबा घरी येतात.’ वाचताच त्याला बरं वाटलं होतं. इतरांना ही ओळ कुठूनतरी शोधून आणावी लागणार, आपल्या तर घरचीच आहे, असं वाटून तो टायमर लागायच्या आधीच पेन हातात घेऊन बसला होता.

कारण बाबा घरी येतात ही त्याची सगळ्यात जुनी आठवण होती. त्याच्याही आधीची एक लाल बादली होती, पण नुसत्या बादलीला आठवण म्हणायचं का, हा प्रश्नच. खोली अंधारी. तो पोटावर पडलेला असावा, कारण फरशी गालाला गार लागते. समोर दार, दारात ऊन, तिरपं, पिवळंधमक, आणि त्या उन्हात उभी एक काळी आकृती. संपलं. ना चेहरा, ना आवाज. पण त्याबरोबर छातीत जे दाटून यायचं ते इतकं मोठं होतं, की लहानपणापासून त्याने त्याला एकच नाव दिलं होतं: बाबा आले. पुढे त्याला नीट कळायला लागायच्या आतच बाबा गेले. म्हणजे वारले नाहीत, गेले. दुसऱ्या गावात दुसरं घर करून राहिले. आईने त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, चांगलाही काढला नाही, आणि शेवटी तशीच, काही न बोलता, ती वारली. ताई त्याच्याहून बरीच मोठी, तिने बाबांचं नाव टाकलं ते टाकलंच. त्याला टाकता आलं नाही, कारण त्याच्याजवळ ती एक संध्याकाळ होती. ज्याच्या नुसत्या दारात येण्याने पोराची छाती अशी भरून येते तो माणूस अगदीच वाईट कसा असेल, असं तो स्वतःला समजावत आला होता. लग्नाआधी बायकोलाही त्याने घरातलं दुसरं काही सांगायच्या आधी ती संध्याकाळ सांगितली होती. आता बाबांचं ते दुसरं घरही उरलं नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत ते एकटे होते, गुडघे धरले होते, मालकाला खोली परत हवी होती, आणि त्यांनी फोन करून आडवळण न घेता विचारलं होतं, तुझ्याकडे येऊन राहू का. ताईने हात झटकले होते. त्याने आज संध्याकाळी कळवतो म्हटलं होतं. खरं म्हणजे हो ठरलेलंच होतं, घरातली छोटी खोलीसुद्धा रिकामी करून झाली होती. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तो थांबला होता, इतकंच.

आणि आता हे. बाईंनी चित्र उचललं होतं ते भलत्याच प्रसंगासाठी. बाप घर सोडतो तिथे हेच लावू, दुपारपर्यंत जरा साफसूफ करून दे, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. तो आपल्या टेबलाशी आला, खोलीतले दिवे नेहमीप्रमाणे मंद होते, आणि स्क्रीनवरचं चित्र काडेपेटीएवढं करून तो बघत बसला. गेला की हा! खरंच चालला होता तो माणूस. अर्ध्या तासापूर्वी येत होता. त्याने चित्राची दुसरी प्रत काढली आणि माणूस वळवायला घेतला. यात काही अवघड नाही, असं त्याला वाटलं, उभा जन्म यात गेलाय. पण मागून उजेड असला की येणाराही काळा दिसतो आणि जाणाराही काळाच, पाठ आणि पोट यांचा डाग एकच. त्याने माणसाचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत घेतलं. माणूस काहीतरी विसरला म्हणून डोकावतोय असं दिसायला लागलं. हातात पिशवी दिली. पिशवी दिल्यावर तर तो निघालाच. हात वर केला, निरोप. चेहऱ्याच्या जागी थोडा उजेड टाकून बघितला, तर तिथे एक कोणीतरी अनोळखी गृहस्थ आला, विमा विकायला यावा तसा, आणि खोलीतली सगळी हवाच गेली. त्याने ती प्रत टाकून दिली. नवी काढली. तीही टाकली. शेजारून रंगांचं बघणारी मुलगी म्हणाली, अरे पहिलंच राहू दे, हाताने आणलंय ते. हाताने आणलंय, हे खरं. पण कुठून आणलंय, हे हाताला कोण विचारणार.

बाई पाणी प्यायला आल्या आणि त्याच्या खुर्चीमागे क्षणभर थांबल्या. सकाळची वेळ घेतलीस ते बरं केलंस, त्या म्हणाल्या, संध्याकाळी घर सोडणारा माणूस नाटकी वाटला असता. त्याने विचारलं, सकाळ कशावरून? त्या म्हणाल्या, फरशी आत्ताच पुसलेली आहे ना, आणि गेल्या. तो त्या दोन चकचकीत फटकाऱ्यांकडे बघत राहिला. फरशी ओली करायची त्याला खोड होती, त्यावरून तर नाव पडलं होतं. ओल्या जमिनीत उजेड दुप्पट होतो, फारसं काही न काढता खोली भरते, ही सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती. ती त्याला कोणी शिकवली? की शिकवलीच नव्हती? त्याने जुनी चित्रं उघडली. गोदाम, राजवाडा, जंगलातली झोपडी, दुसऱ्या ग्रहावरचा बोगदा. जमीन सगळीकडे ओली, आणि निम्म्याहून जास्त चित्रांत कुठे ना कुठे दाराएवढा उजेड आणि त्यात एक उभा काळा डाग. बोगद्यात दार कशाला हवं होतं, देव जाणे. तेव्हा, सवय आधी की आठवण आधी? आठवणीत फरशी ओली होती म्हणून हात सगळीकडे पाणी ओततो, की सगळीकडे पाणी ओतून ओतून शेवटी आठवणीतली फरशीसुद्धा त्यानेच ओली करून टाकली? गालाला गार लागायचं ते पाण्यामुळे, की फरशी गारच असते म्हणून? आणि तिरपं ऊन सकाळीही पडतं. सकाळचं ऊन आणि संध्याकाळचं ऊन, पडद्यावर एकच रंग उचलावा लागतो. कुठलंही चित्र घेतलं की तो आधी विचारायचा, सूर्य कुठे आहे. आपल्या लहानपणच्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं हे मात्र त्याने कधीच विचारलं नव्हतं, आणि आता आठवून बघितलं तर चारही दिशांना होतं.

आणि सकाळ असली तर ते येणं नव्हतंच. सकाळी बाप घरी येत नाही, घरातून जातो. मग छातीत दाटून यायचं ते काय होतं? आनंद आणि रडं यांचा छातीतला डाग एकच असतो की काय? जेवणाच्या सुट्टीत त्याने बायकोला फोन लावला. तिने छोट्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते विचारलं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खिडकीकडून उठता येईल का, असंही विचारलं. तो म्हणाला, ती संध्याकाळ कदाचित सकाळ असेल. तिला काही बोध झाला नाही, आणि समजावताना त्यालाही होईनासा झाला. तो बोलत होता सूर्याबद्दल, फरशीबद्दल, पाठीबद्दल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे बघ, मी त्यांना ओळखत नाही. तुझ्या त्या एका संध्याकाळच्या भरवशावर मी हो म्हटलंय. ती नसेल तर मला आधी सांग.” रागाने नाही म्हणाली, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं. फोन ठेवताना तिने सुचवलं की ताईंना विचार, त्या मोठ्या होत्या, त्यांना दिसलं असेल. हे त्याला का सुचलं नाही? सुचलं होतं. ताईला विचारायची त्याला भीती वाटत होती. त्याने पहिलंच चित्र, एक रेघही न बदलता, बाईंना पाठवून दिलं, स्वतःच्या मोबाइलवर एक प्रत घेतली आणि काम संपताच निघाला.

ताईचं चष्म्याचं दुकान होतं. स्वतःचा चष्मा ती कपाळावर चढवून विसरायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारायची, हे बरं की हे बरं? आत्ताही ती एका आजोबांना तेच विचारत होती, आणि आजोबा दोन्ही सारखंच म्हणत होते. तो भिंतीशी उभा राहिला. सगळीकडे नुसत्या काड्या आणि रिकाम्या काचा, आणि प्रत्येक आरशात तो थोडा थोडा. आजोबा गेल्यावर ताईने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच ओळखलं की बाबांचं काहीतरी आहे. म्हणाली, मी आधीच सांगितलंय, तुझं घर आहे, तू बघ, माझ्याकडे नको. त्याने ते ऐकून घेतलं. रस्त्याने येताना तो काय काय विचारायचं ते जुळवत आला होता, दार पूर्वेला होतं का, बाबा सकाळी गेले का, मी जागा होतो का. पण तिच्यासमोर आल्यावर त्याला वाटलं, विचारलं की ती बाजू घेणार, आणि बाजू घेतली की विचार करून बोलणार. म्हणून त्याने स्टुडिओतलंच केलं. मोबाइल काढला, चित्र उघडलं, तिच्या हातात दिलं, आणि ओठ मिटून उभा राहिला.

ताईने मोबाइल लांब धरला, जवळ आणला, कपाळावरचा चष्मा आठवून खाली ओढला. दुकानात रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. तिचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. किंवा पाहिला असेल, फार पूर्वी.

“तू आईला कधीपासून काढायला लागलास?” ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्याने नियम मोडला. म्हणाला, बाबा आहेत ते.

“बाबा कुठले? खांदा बघ ना. आत येणारा माणूस चौकटीला असा टेकतो का? आणि बाहेर जाणारा तरी? ही वाट बघणारी बाई आहे. आपली आई आहे, रे.”

मग ती स्टुलावर बसली आणि सांगत गेली, मध्येच गिऱ्हाईक आलं त्याला उद्या यायला सांगून. बाबा गेले ते भर दुपारी, दोघं मुलं बाहेर असताना. दारात वगैरे कोणी बघितलंच नाही त्यांना. नंतर आई संध्याकाळी कामावरून घरी आली की आधी फरशी पुसायची. सकाळी पुसलेली असली तरी पुन्हा. पोराला खाटेवर बसवायची, ताईला म्हणायची वाळेपर्यंत पाय टाकू नकोस, आणि स्वतः दारात जाऊन उभी राहायची. रस्त्याकडे तोंड. शेजारच्या कोणी विचारलं तर म्हणायची, फरशी वाळतेय. फरशी कधीच वाळून जायची, ऊनही जायचं, तरी उभीच. किती दिवस चाललं हे, ते ताईला सांगता येईना. वाट बघतेय असं कोणाला दिसू नये म्हणून फरशी पुसत होती ती, ताई म्हणाली, हे मला स्वतःचा संसार झाल्यावर कळलं. तिने चित्राकडे परत बघितलं आणि तिचा आवाज जरा बदलला.

“तू खाटेवरून उतरायचास. तसाच ओल्या फरशीवर पालथा पडून हाका मारायचास तिला. ती वळायची नाही.”

तो बाहेर पडला तेव्हा उजेड होता. म्हणजे ताईने जे सांगितलं ते खरं धरलं तर संध्याकाळच होती ती, त्याचं तेवढं बरोबर होतं. दार पश्चिमेला होतं, फरशी ओली होती, हातानेही काही खोटं केलं नव्हतं. फक्त माणूस दुसराच होता. इतकी वर्षं त्याने आईची पाठ शेकडो चित्रांत काढली, राजवाड्यांत काढली, बोगद्यांत काढली, आणि तिला बाबा म्हणत राहिला. आईची त्या दिवसांतली एकही आठवण आपल्याकडे नाही, याचं त्याला नेहमी वाईट वाटायचं, ते त्याने बायकोपाशी बोलूनही दाखवलं होतं. आणि बाबांना जे माफ केलं ते कोणाच्या उभं राहण्यावर? त्याला चालता चालता राग आला, पण तो नक्की कोणाचा ते ठरेना. बाबांचा म्हणावा, तर त्यांनी कधी म्हटलं होतं की दारात मी होतो? आईचा म्हणावा, तर ती वळली का नाही? आणि वळली असती तर चेहरा दिसला असता, आणि मग त्याने तो काढला नसता? डोक्यात सगळे डाग एकमेकांत मिसळून करडे झाले. सिग्नल हिरवा झाला तरी तो उभाच होता, मागच्या बाईने बाजूने जाताना त्याच्याकडे वळून पाहिलं. बाबांना नाही म्हणावं, असं त्याला स्पष्ट वाटलं. पुढच्या वळणावर तितकंच स्पष्ट वाटलं, की नाही म्हणायला तरी आता काय आधार आहे. हो म्हणायचं कारण गेलं होतं, पण कारण गेलं म्हणून त्या खोलीतला म्हातारा माणूस काही गेला नव्हता.

घराच्या जिन्यात असताना फोन वाजला. बाबाच होते. बांधाबांध करून ठेवलीय, म्हणाले, तू सांगशील तसं, सामान काही फार नाही. आवाज मुद्दाम मोकळा केलेला होता. त्याने पायरीवर बसून घेतलं. बाबांशी तो कधी जुन्या गोष्टी बोलला नव्हता, आणि आता शब्द त्याने निवडलेही नाहीत, सकाळच्या फटकाऱ्यांसारखे ते आले तसे आले. तुम्ही गेलात तेव्हा दारात थांबला होतात का, त्याने विचारलं.

“नाही थांबलो,” बाबा म्हणाले. “थांबलो असतो तर जाणं झालं नसतं.”

आणि नंतर? नंतर कधी परत आला होतात?

“एकदा आलो होतो. कोपऱ्यापर्यंत. संध्याकाळ होती,” बाबा म्हणाले. “दारात ती उभी दिसली. तिला काय तोंड दाखवणार होतो मी? तसाच मागे वळलो.”

वरच्या मजल्यावर बायकोने दार उघडल्याचा आवाज झाला, तिला त्याच्या बोलण्याची चाहूल लागली असावी. त्याने डोळे मिटून घेतले. कोपऱ्यावरून ते घर कसं दिसत असेल, हे त्याने कधी काढलं नव्हतं. तिकडून बघितलं तर तिला चेहरा असणार, आणि त्यावर ऊन. तो चेहरा पाहिलेला जगातला एकच माणूस आता फोनवर होता, आणि विचारत होता.

“मग? येऊ ना मी?”

“या,” तो म्हणाला. “दारात कोणी उभं नसेल. बेल आहे, ती वाजवा.”